हॉटेलच्या किचनमधली सुरक्षा: धोके कोणते, उपाय काय आणि कामगारांचे हक्क कोणते?

१८ डिसेंबर २०१७ रोजी पहाटे मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवरच्या एका फरसाणच्या दुकानाला आग लागली. दिवसभर काम करून तिथेच झोपलेल्या १२ कामगारांचा त्यात मृत्यू झाला. त्यानंतर ११ दिवसांनी लोअर परळच्या कमला मिल आवारातल्या पबमध्ये आग लागून १४ जणांचा जीव गेला. त्यातले बहुतेक जण पार्टीसाठी आलेले होते. कमला मिलची आग अजूनही सगळ्यांच्या लक्षात आहे. साकीनाक्याची आग मात्र फार थोड्यांना आठवते.

आपण हॉटेलमध्ये जातो तेव्हा समोर एफएसएसएआयचा परवाना लावलेला दिसतो. अन्न हाताळणाऱ्या कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करावी, असा नियमही अन्नसुरक्षा कायद्याखाली आहे. पण या नियमांचा मुख्य हेतू ग्राहकाला बाधा होऊ नये हा आहे. भट्टीसमोर दहा-बारा तास उभा राहणारा आचारी, भांडी घासणाऱ्या मावशी, भाजी चिरणारा पोऱ्या यांच्या सुरक्षेचे नियम वेगळ्या कायद्यांमध्ये आहेत आणि ते भिंतीवर सहसा दिसत नाहीत.

हॉटेल, खानावळ, ढाबा, मेस, कॅन्टीन, बेकरी, केटरिंग, क्लाउड किचन किंवा पोळी-भाजी केंद्र, जिथे विक्रीसाठी अन्न शिजतं तिथले धोके साधारण सारखेच असतात. ते कोणते, ते कसे टाळता येतात आणि अपघात झालाच तर कामगाराला काय मिळायला हवं, ते पाहू.

१. गॅस: वास येईपर्यंत उशीर का होतो?

हॉटेलात वापरला जाणारा एलपीजी हा प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतो. हे दोन्ही वायू हवेपेक्षा जड आहेत. त्यामुळे गळती झाली की गॅस वर न जाता जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली, गटाराच्या जाळीत, तळघरात साचतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण २ टक्के झालं तरी एका ठिणगीने तो पेटू शकतो. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. पण फोडणी, मसाला आणि धूर यांनी भरलेल्या किचनमध्ये तो वासही दबून जाऊ शकतो.

ऑक्टोबर २०१५ मध्ये मुंबईतल्या कुर्ला भागात एका हॉटेलात गॅसमुळे लागलेल्या आगीत ८ जणांचा मृत्यू झाला होता.

काय काळजी घ्यायची?

- सिलिंडर शेगडीच्या शेजारी ठेवू नयेत. शक्यतो किचनबाहेर, हवेशीर आणि जमिनीच्या पातळीवरच्या जागेत, उभे ठेवावेत. तळघरात कधीही ठेवू नयेत.
- गॅस गळती ओळखणारं यंत्र जमिनीपासून थोड्याच उंचीवर लावावं. छताजवळ लावलेलं यंत्र एलपीजीसाठी उपयोगाचं नाही.
- रबरी नळीवर छापलेली मुदत पाहावी. मुदत संपली, नळी कडक झाली किंवा तडे दिसले की बदलावी.
- गळती तपासायला साबणाचं पाणी वापरावं, काडी पेटवून पाहू नये.
- हॉटेलसाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच वापरावा. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यासाठी वापरणं बेकायदा आहे.
- १०० किलोपेक्षा जास्त एलपीजी साठवायचा असेल तर परवाना लागतो. म्हणजे १९ किलोचे भरलेले सहा सिलिंडर एका जागी ठेवले तर ही मर्यादा ओलांडली जाते.

वास आला तर कोणतंही बटण दाबू नये. दिवा लावायचा नाही आणि चालू असलेला दिवा किंवा पंखा बंदही करायचा नाही, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडते. एक्झॉस्ट फॅन सुरू करणं ही सर्रास होणारी चूक आहे. शक्य असेल तर व्हॉल्व्ह बंद करावा, दारं-खिडक्या उघडाव्यात, सगळ्यांना बाहेर काढावं आणि बाहेर आल्यावर १९०६ या गॅस गळतीच्या हेल्पलाइनला किंवा १०१ वर अग्निशमन दलाला फोन करावा.

२. तेल पेटलं तर पाणी का टाकू नये?

वडे, भजी किंवा फरसाण तळताना तेल साधारण १७० ते १९० अंशांवर असतं. कढईकडे दुर्लक्ष झालं आणि तापमान चढत राहिलं, तर तेलातून आधी दाट धूर येतो आणि पुढे ते आपोआप पेट घेतं. अशा तेलावर पाणी ओतलं तर ते तेलापेक्षा जड असल्याने तळाशी जातं आणि क्षणात त्याची वाफ होते. वाफ होताना पाण्याचा आकार सुमारे १,७०० पट वाढतो. ती वाफ पेटतं तेल वर उडवते आणि आगीचा लोळ छतापर्यंत जातो.

मग करायचं काय? आधी गॅस बंद करावा. मग कढईवर धातूचं झाकण, मोठी परात किंवा अग्निरोधक ब्लँकेट सरकवावं आणि तेल थंड होईपर्यंत ते काढू नये. पेटलेली कढई उचलून बाहेर न्यायचा प्रयत्न करू नये. हात भाजतात, तेल सांडतं आणि आग वाटभर पसरते.

तेलाच्या आगीसाठी ‘वेट केमिकल’ प्रकारचं अग्निशामक यंत्र लागतं. त्यावर ‘के’ किंवा ‘एफ’ वर्गाची खूण असते. त्यातलं द्रावण तेलावर साबणासारखा थर तयार करतं आणि तेल थंडही करतं. अनेक हॉटेलांत फक्त एबीसी पावडरचं यंत्र टांगलेलं असतं. त्याने ज्वाळा दबतात, पण तेल तापलेलंच राहत असल्याने ते पुन्हा पेटू शकतं.

चिमणी आणि तिच्या नळकांड्यात साचलेला तेलाचा थर हाही मोठा धोका आहे. तव्यावरचा भडका आत ओढला गेला तर हा थर पेटतो आणि आग दिसायच्या आधी वरच्या मजल्यापर्यंत पोहोचू शकते. त्यामुळे जाळ्या वारंवार धुणं आणि नळकांडं ठरावीक काळाने आतून साफ करून घेणं आवश्यक आहे.

३. भाजलं तर पहिल्या २० मिनिटांत काय करावं?

भाजलेल्या जागेवर लगेच नळाचं वाहतं पाणी सोडावं, तेही २० मिनिटं. दोन मिनिटांनी बरं वाटलं म्हणून थांबू नये, कारण कातडीच्या आतला भाग तापलेलाच असतो. सूज यायच्या आत अंगठी, बांगड्या, घड्याळ काढावं. कातडीला चिकटलेलं कापड ओढू नये. नंतर स्वच्छ, कोरड्या कापडाने जखम सैलसर झाकावी.

टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, कॉफी पावडर किंवा बर्फ लावू नये. पेस्ट आणि पावडरीमुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि डॉक्टरांना जखम किती खोल आहे ते दिसत नाही. बर्फामुळे कातडीचं आणखी नुकसान होतं. फोड फोडू नयेत.

चेहरा, हात, सांधे किंवा जांघेचा भाग भाजला असेल, तळहातापेक्षा मोठी जागा भाजली असेल, कातडी पांढरी किंवा काळी पडली असेल किंवा धूर छातीत गेला असेल, तर थेट दवाखाना गाठावा. १०८ वर ॲम्ब्युलन्स मिळते.

४. घसरणं, कापणं आणि यंत्रात हात सापडणं

ओल्या, तेलकट फरशीवर कोणी उकळत्या सांबाराचा टोप घेऊन चालत असेल, तर घसरण्याचं रूपांतर गंभीर भाजण्यात होतं. सांडलेलं लगेच पुसणं, गटारावरच्या जाळ्या बसवून ठेवणं, मोठे टोप दोघांनी मिळून उचलणं आणि ‘गरम आहे, मागे आहे’ असा आवाज देणं, यातल्या कशालाच फारसा खर्च येत नाही. सगळ्यात जास्त फरक चपलांनी पडतो. रबरी स्लीपर घसरतात आणि पायावर तेल पडलं तर काहीच अडवत नाहीत. पुढून बंद आणि तळाला पकड असलेले बूट असावेत.

सुरी बोथट असली की जोर जास्त लावावा लागतो आणि ती सटकते. म्हणून धारदार सुरी जास्त सुरक्षित. पडणारी सुरी पकडायला जाऊ नये. भांडी घासायच्या फेसाळ पाण्यात सुरी टाकून ठेवू नये, कारण घासणाऱ्याला ती दिसत नाही.

कणीक मळायचं यंत्र, ग्राइंडर आणि मिक्सर यांत हात, ओढणी, पदर किंवा केस ओढले जाऊ शकतात. यंत्रावरची जाळी काढून काम करू नये. अडकलेलं पीठ काढायचं असेल तर आधी प्लग काढावा. ओल्या जागेतल्या वीजजोडणीला अर्थिंग आणि गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच हवा. एखाद्याला शॉक बसलाच तर त्याला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद करावा.

५. उष्मा: ‘सवय होते’ हे कितपत खरं?

शरीराला उष्णतेची सवय होते, पण त्याला एक-दोन आठवडे लागतात. म्हणून गावाहून नव्याने आलेला किंवा सुट्टीवरून परतलेला कामगार पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त धोक्यात असतो. त्याला पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ भट्टीवर उभं करू नये. हळूहळू वेळ वाढवावा.

तहान लागायची वाट न पाहता दर १५ ते २० मिनिटांनी कपभर पाणी प्यावं. लघवीला जायला वेळ किंवा जागा नसल्याने अनेक कामगार, विशेषतः स्त्रिया, मुद्दाम कमी पाणी पितात. अशा ठिकाणी फक्त ‘पाणी प्या’ सांगून उपयोग होत नाही, स्वच्छतागृह आणि सुट्टी दोन्ही द्यावं लागतं.

चक्कर, डोकेदुखी, मळमळ, खूप घाम, पायात गोळे ही थकव्याची लक्षणं आहेत. सावलीत बसवून पाणी किंवा ओआरएस द्यावं. बोलणं असंबद्ध झालं, शुद्ध हरपू लागली, अंग तापाने फणफणलं, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी १०८ ला फोन करून अंगावर थंड पाणी ओतावं आणि पंख्याचा वारा घालावा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

६. धूर आणि कोळसा

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, मोठ्या आचेवर तळताना निघणाऱ्या धुराचा समावेश ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात केला आहे. घरी आपण दिवसातून एखाद वेळी तळतो. आचारी रोज तासन्‌तास त्या धुरात असतो.

कोळशाच्या तंदूरमधून कार्बन मोनॉक्साइडही निघतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या तुलनेत २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. बंद किचनमध्ये एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखू लागलं, गरगरू लागलं, तर या वायूचा संशय घ्यावा आणि सगळ्यांनी मोकळ्या हवेत यावं.

मुंबईच्या हवेचा प्रश्न लक्षात घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड आणि कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर आणण्याचे आदेश दिले. महापालिकेने हॉटेलांच्या कोळशाच्या तंदूरनाही नोटिसा दिल्या. आदेश शहराच्या हवेसाठी होता, पण त्याचा पहिला फायदा भट्टीसमोर उभ्या असलेल्या कामगाराला होतो.

७. सफाई आणि ड्रेनेज चेंबर

ब्लीच आणि ॲसिड एकत्र केले तर क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. ‘दोन्ही टाकलं की लवकर स्वच्छ होतं’ हा समज घातक आहे. तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणांत बहुधा कॉस्टिक सोडा असतो, त्याने कातडी आणि डोळे भाजतात. रसायनं पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नयेत. सतत पाण्यात हात-पाय असल्याने भांडी घासणाऱ्यांना चिखल्या आणि त्वचेचे त्रास होतात. त्यांना रबरी हातमोजे आणि गमबूट द्यायला हवेत.

चेंबर तुंबला म्हणून किचनमधल्याच कोणाला आत उतरवणं जीवघेणं आहे. जून २०१९ मध्ये गुजरातमध्ये डभोईजवळ एका हॉटेलची सेप्टिक टाकी साफ करताना ७ जण गुदमरून गेले. त्यांत हॉटेलचे कामगारही होते. एक जण पडला की दुसरा त्याला वाचवायला उतरतो आणि तोही वर येत नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

८. किचनमध्येच झोपणं

मुंबई-पुण्यात खोलीचं भाडं परवडत नाही म्हणून अनेक कामगार हॉटेलातच झोपतात. मालक शटर बाहेरून बंद करून जातो, वर पोटमाळा, खाली सिलिंडर आणि तेलाचे डबे. रात्री गळती किंवा शॉर्टसर्किट झालं तर निसटायला वाट राहत नाही.

झोपायची जागा किचनपासून वेगळी असावी. ते खरंच शक्य नसेल तर निदान सिलिंडर बाहेर काढलेले, मुख्य व्हॉल्व्ह बंद, आतून उघडणारं दार आणि पोटमाळ्यावरून उतरायला मोकळी वाट एवढं तरी असलंच पाहिजे.

९. कायदा काय सांगतो?

- सुरक्षित जागा ही मालकाची जबाबदारी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू आहे. सुरक्षेच्या साधनांचे किंवा तपासणीचे पैसे कामगाराच्या पगारातून कापता येत नाहीत. गंभीर धोका दिसला तर तो मालकाच्या लक्षात आणून देण्याचा हक्क कामगाराला आहे. अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ काम करू शकला नाही, तर त्याची सूचना प्रशासनाला द्यावी लागते.
- कामाचे तास. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. २०२५ मधल्या बदलाने दिवसाची मर्यादा १० तास झाली आणि कायद्याच्या या तरतुदी २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरत्या राहिल्या. जादा कामाला दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात.
- आग. महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा २००६ नुसार, आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं.
- लहान मुलं. ढाबे आणि हॉटेलांत १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे.

१०. अपघात झाला तर पैसे कोण देणार?

ईएसआय लागू असेल आणि पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर उपचार ईएसआयच्या दवाखान्यात होतात. कामावर झालेल्या दुखापतीमुळे घरी बसावं लागलं तर त्या काळात सरासरी वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी आधी ठरावीक काळ नोकरी झालेली असण्याची अट नाही. कायमचं अपंगत्व आलं किंवा मृत्यू झाला तर कामगाराला किंवा कुटुंबाला दरमहा रक्कम मिळते. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जाते. पगाराच्या पावतीत ही कपात दिसत नसेल तर नोंदणी झाली आहे का, हे विचारावं.

ईएसआय लागू नसेल तर भरपाई मालकाने द्यायची असते. १९२३ च्या भरपाई कायद्यापासून ही जबाबदारी चालत आली आहे आणि आता ती सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. गॅसवर किंवा विजेवर स्वयंपाक होणाऱ्या हॉटेलांतले आचारी या तरतुदीत स्पष्टपणे धरलेले आहेत.

‘चूक त्याचीच होती’ हे उत्तर बहुतेक वेळा कायद्यात टिकत नाही. साध्या बेसावधपणामुळे भरपाई जात नाही. नशेत असणं किंवा सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणं यांसारख्या मोजक्या कारणांनीच ती नाकारता येते, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर या कारणांनीही नाही.

म्हणून पुरावा महत्त्वाचा. दवाखान्यात ‘घरी भाजलं’ असं सांगू नये. ‘कामावर भाजलं’ हेच केसपेपरवर लिहून घ्यावं. अपघाताची तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवावी, फोटो काढावेत, सोबत कोण होतं ते नोंदवावं, पगार आणि हजेरीचा कोणताही पुरावा जपून ठेवावा. पगार ऑनलाइन येत असेल तर तो व्यवहारही पुरावाच आहे.

११. छोट्या हॉटेलमालकाने सुरुवात कुठून करावी?

१. सिलिंडर बाहेर काढा आणि नळ्या तपासा.
२. प्रत्येक कढईजवळ मापाचं झाकण टांगा. एक वेट केमिकल यंत्र घ्या आणि ते सगळ्यांना चालवून दाखवा.
३. मागचं दार मोकळं ठेवा. तिथे बटाट्याची पोती नकोत.
४. बूट, सुती एप्रन, हातमोजे द्या. नायलॉनचे कपडे भट्टीजवळ नकोत.
५. प्रथमोपचाराची पेटी आणि अपघाताची वही ठेवा. थोडक्यात टळलेले प्रसंगही त्यात लिहा.
६. सूचना कामगारांना येणाऱ्या भाषेत द्या. किचनमध्ये नेपाळी, बंगाली, ओडिया, हिंदी बोलणारे असतील तर मराठी-इंग्रजी फलक पुरेसा नाही.

महत्त्वाचे नंबर

अग्निशमन दल: १०१
ॲम्ब्युलन्स: १०८
कोणतीही आपत्कालीन मदत: ११२
गॅस गळती: १९०६
बालकामगार दिसल्यास: १०९८